‘ठीक आहे’पुढचा पूर्णविराम: तरुणांची रीतभात खरंच बिघडली आहे का?

“ठीक आहे.” एवढंच उत्तर मी पाठवलं होतं. आमच्याकडे नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी, वय साधारण चोवीस. तिने एक मसुदा पाठवून “हा चालेल का?” असं विचारलं होतं. मसुदा चांगला होता. मी घाईत होते, दोन शब्द लिहिले, सवयीने पूर्णविराम दिला आणि पुढच्या कामाला लागले. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, “मॅडम, काही चुकलं का माझं?”

मला काही कळेना. दुपारी भेटल्यावर विचारलं, तेव्हा ती जरा संकोचून म्हणाली, “तुम्ही शेवटी टिंब दिलंत ना, मला वाटलं तुम्ही रागावलात.” शाळेत पूर्णविराम राहिला की गुण जायचे. इथे पूर्णविराम दिला म्हणून एका मुलीच्या पोटात गोळा आला होता.

खरं सांगायचं तर तिच्याबद्दल माझ्याही मनात एक अढी होती. फोन केला की ती उचलायची नाही, आणि लगेच मेसेज यायचा, “बोला मॅडम.” मोठ्या माणसाचा फोन आहे, उचलायला काय होतं, असं मला दर वेळी वाटायचं. त्या दिवशी विषय निघालाच होता, म्हणून तेही विचारलं. तिच्या मते न विचारता फोन करणं म्हणजे दार न वाजवता थेट आत येणं. ती स्वतः कुणालाही आधी “फोन करू का?” असं विचारल्याशिवाय फोन करत नाही, अगदी मैत्रिणीलासुद्धा. आम्ही दोघी आपापल्या परीने एकमेकींशी नीटच वागत होतो, आणि दोघींनाही समोरची तुटक वाटत होती.

“आजकालच्या मुलांना रीतभात राहिली नाही” हे वाक्य ऐकलं की मला आता ते टिंब आठवतं. या तक्रारीत पुष्कळदा असाच घोळ असतो. पुष्कळदा म्हणते आहे, नेहमी नाही, कारण काही गोष्टी खरोखरच बिघडल्या आहेत आणि त्यांच्याकडेही मी येणार आहे. पण आधी ही तक्रार किती जुनी आहे ते पाहू.

सॉक्रेटिसच्या नावावर एक उतारा फिरत असतो: मुलांना चैन हवी असते, मोठी माणसं आत आली तरी ती उठत नाहीत, आईवडिलांना उलटून बोलतात. सॉक्रेटिस असं कुठेही म्हणालेला नाही. केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने प्राचीन ग्रीक शिक्षणावर एक प्रबंध लिहिला होता. तो १९०७ साली छापला गेला. प्राचीन ग्रीसमधल्या लोकांच्या तक्रारींचा गोषवारा त्याने त्यात स्वतःच्या शब्दांत दिला होता, आणि पुढे हा गोषवाराच सॉक्रेटिसच्या तोंडी गेला. तक्रारी मात्र अस्सल होत्या. इसवी सनपूर्व ४२३ मध्ये रंगमंचावर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनिस या ग्रीक नाटककाराच्या एका नाटकात जुन्या वळणाची बाजू मांडणारं एक पात्र आहे. मोठी माणसं आली की मुलांनी जागेवरून उठावं, हे ते तिथे अगदी बजावून सांगतं. रोमन कवी होरेस तर एका कवितेत चार पिढ्या एका दमात काढतो: आजोबांहून वडील वाईट, वडिलांहून आम्ही, आणि आमची मुलं आमच्याहूनही.

एवढं वाचून बरेच जण म्हणतात, बघा, प्रत्येक पिढी हेच म्हणते, म्हणजे यात काही तथ्य नाही. हा निष्कर्षही घाईचा आहे. ‘लांडगा आला रे’ म्हणणारा मुलगा नेहमी खोटं बोलत होता, तरी शेवटी लांडगा आलाच होता. जुनी तक्रार आपोआप खोटी ठरत नाही. तिच्यावरून एवढंच कळतं की केवळ लोकांना तसं वाटतं, हा काही पुरावा नव्हे. पुरावा वेगळा शोधायला हवा.

वाटणं आणि असणं

२०२३ साली अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास मांडला. १९४९ ते २०१९ या काळात किमान ६० देशांत झालेली सर्वेक्षणं त्यांनी तपासली. त्यांच्या एकूण अभ्यासात सुमारे सव्वा कोटी लोकांची उत्तरं होती. “माणसांची नीतिमत्ता, माणुसकी, चांगुलपणा घसरतो आहे का?” असं विचारलं की जवळपास सगळीकडे आणि प्रत्येक दशकात “हो” असंच उत्तर आलं होतं. मग त्यांनी दुसऱ्या प्रकारचे प्रश्न पाहिले, जिथे लोकांना घसरणीबद्दल न विचारता आपल्या रोजच्या अनुभवाबद्दल विचारलं होतं. उदाहरणार्थ, काल दिवसभर तुम्हाला लोकांनी आदराने वागवलं का? या उत्तरांत वर्षानुवर्षं फारसा फरक पडलेला नव्हता. प्रत्येक पिढीला पाणी उताराला लागल्यासारखं दिसत होतं, आणि मोजपट्टीवर पातळी जवळजवळ तिथेच होती.

असं का व्हावं? त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या बातम्या आणि किस्से बहुतेक वाईट वागण्याचे असतात. बसमध्ये वीस मुलं शांत बसली होती, हे घरी येऊन कुणी सांगत नाही. एकाने उद्धट उत्तर दिलं, तर ते रात्रीपर्यंत चार जणांना सांगून होतं. म्हणून वर्तमान काळा दिसतो. भूतकाळाचं उलट होतं. वाईट आठवणींचा डंख चांगल्या आठवणींच्या गोडव्यापेक्षा लवकर ओसरतो. लहानपणी वर्गातल्या कुणी केलेला अपमान तेव्हा रडवून गेला होता. आज तो आठवला तर त्याची धार गेलेली असते. वर्तमान डोळ्यांसमोर काजळलेलं आणि भूतकाळ घासूनपुसून ठेवलेला, अशी तुलना केली की घसरण दिसणारच. याच अभ्यासात आढळलेली आणखी एक गोष्ट बोलकी आहे. आपल्या ओळखीच्या माणसांबद्दल विचारलं, तर लोक ती पूर्वीपेक्षा बिघडली आहेत असं म्हणत नाहीत. बिघडलेला असतो तो सर्वसाधारण माणूस, ज्याला आपण ओळखत नाही. शेजारचा मुलगा गुणी असतो, पिढी वाया गेलेली असते.

तरुणांबद्दलच्या मताला आणखी एक वळसा आहे. जॉन प्रोट्झको आणि जोनाथन स्कूलर यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या प्रौढांवर केलेला अभ्यास सांगतो की, ज्या गुणात आपण स्वतः वरचढ असतो, तोच गुण पुढच्या पिढीत कमी झालेला आपल्याला जास्त खुपतो. अधिकाराला मान द्यायला हवा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना तरुण मोठ्यांचा मान ठेवत नाहीत असं अधिक तीव्रतेने वाटत होतं. भरपूर वाचणाऱ्यांना मुलं वाचत नाहीत असं वाटत होतं. याचं कारण आठवणीत आहे. आपण आज जसे आहोत, तसेच लहानपणी होतो असं आपण धरून चालतो, आणि आपल्या वेळची सगळीच मुलं तशी होती असंही. त्यांनी एक चाचणी तर फार सुंदर केली. काही लोकांना त्यांच्या वाचनाबद्दल मुद्दाम खोटा निकाल दिला की तुम्ही यात मागे आहात. स्वतःबद्दलचं मत खाली आलं, तशी “हल्लीची मुलं वाचत नाहीत” ही खात्रीही सैल झाली. मुलं तीच होती, बघणाऱ्याचा आरसा बदलला होता.

मी स्वतः शिस्तीची माणूस आहे. वेळेवर येणं, नीट शब्दांत बोलणं, उत्तर देणं हे मला महत्त्वाचं वाटतं आणि यापुढेही वाटेल. हा अभ्यास वाचल्यावर मी चोविसाव्या वर्षी कशी होते हे आठवून पाहिलं. तेव्हा मी वरिष्ठांच्या पत्रांना आठवडाभर उत्तर देत नसे, कारण काय लिहावं ते सुचत नसे. हे मी साफ विसरले होते.

मोजून काय हाती लागतं

पिढ्यांची तुलना करताना एक चूक हमखास होते. आपण आजच्या विशीतल्या मुलाची तुलना आजच्या पन्नाशीतल्या माणसाशी करतो. पन्नाशीचा माणूस तीस वर्षं टक्केटोणपे खाऊन मवाळ झालेला असतो, तेव्हा हा फरक वयाचा असतो. पिढीचा फरक बघायचा तर आजचा विशीतला मुलगा आणि तीस वर्षांपूर्वीचा विशीतला मुलगा शेजारी उभे करायला हवेत. हे करणं अवघड आहे, पण काही ठिकाणी जमलं आहे, बहुतेक अमेरिकेत, कारण तिथे त्याच त्या चाचण्या अनेक दशकं घेतल्या गेल्या.

अनोळखी माणसांनी एकमेकांना सहकार्य करावं की फक्त स्वतःचा फायदा बघावा, अशा पेचाचे प्रयोग तिथे १९५६ पासून होत आले. २०१७ पर्यंतचे ५११ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सहकार्य कमी झालेलं दिसलं नाही, उलट थोडं वाढलेलं दिसलं. लहान मुलांच्या धीराची एक प्रसिद्ध चाचणी आहे. आत्ता एक खाऊ घे, किंवा थोडं थांबलीस तर जास्त मिळेल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत २००० नंतरची मुलं १९६० च्या दशकातल्या मुलांपेक्षा सरासरी दोन मिनिटं जास्त थांबली. त्याच वेळी प्रौढांना अंदाज विचारला होता. ७२ टक्के लोकांनी सांगितलं होतं की आजची मुलं कमी थांबतील.

याच्या उलट जाणारा पुरावाही आहे आणि तो लपवून चालणार नाही. १९७९ ते २००९ या काळात अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांची सहानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्याची वृत्ती, घटल्याचं सारा कॉनराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं होतं. घट विशेषतः २००० नंतरची होती आणि तिची खूप चर्चा झाली. मग त्यांनीच पुढच्या वर्षांची माहिती जोडली, तेव्हा २००८ नंतर आलेख पुन्हा वर चढताना दिसला. पहिली बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली, दुसरी फारशी कुणापर्यंत पोहोचली नाही.

यातलं काहीही थेट ‘रीतभात’ मोजत नाही, हे खरं आहे. कुणी दार धरून उभं राहतं का, आभार मानतं का, याची दशकानुदशकांची नोंदवही कुठे नाही. पण रीतभातीच्या मुळाशी जे असतं, म्हणजे दुसऱ्याचा विचार करणं आणि स्वतःला थोडं आवरणं, ते तरुणांमध्ये आटत चाललं आहे असं या मोजमापांवरून म्हणता येत नाही.

मग बदललं काय?

खुणा बदलल्या. दुसऱ्याबद्दलची आस्था मनात असते, ती समोरच्याला दिसत नाही. दिसतात त्या तिच्या खुणा: उठून उभं राहणं, आवाज खाली ठेवणं, बहुवचनात बोलणं, फोन उचलणं. खुणा वेगळ्या झाल्या की आस्थाच गेली असं वाटतं.

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी १९७० च्या दशकात तीन अगदी वेगळ्या भाषांचा अभ्यास केला: इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल. त्यांच्या मते सौजन्याच्या दोन तऱ्हा असतात. एक जवळिकीची: तू मला आपला वाटतोस, मला तुझी विचारपूस करायची आहे. दुसरी अंतर राखण्याची: तुझा वेळ, तुझी मोकळीक मी मोडणार नाही. प्रत्येक माणसाला दोन्ही हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. न सांगता फोन करून “कशी आहेस?” विचारणं ही पहिल्या तऱ्हेची सभ्यता. “फोन करू का?” असं आधी विचारणं ही दुसऱ्या तऱ्हेची. माझ्या पिढीने पहिली शिकली, त्या मुलीने दुसरी. फोनच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा जास्त औपचारिक आहे. हे लक्षात आलं तेव्हा मी चाटच पडले, कारण माझी तक्रार नेमकी उलटी होती.

संबोधनांचंही तसंच. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो, म्हणून तो निसर्गाने दिल्यासारखा वाटतो. पण तो किती झपाट्याने बदलू शकतो हे स्वीडनने दाखवलं. तिथे एकेकाळी माणसाशी थेट बोलतानाही त्याचं पद घेऊन तृतीयपुरुषी बोलायची रीत होती, म्हणजे समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांनाच “डॉक्टरांना वेळ आहे का?” असं विचारायचं. १९६७ मध्ये तिथल्या आरोग्य प्रशासनाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं की आपण सगळ्यांना नावाने आणि ‘दू’ म्हणजे ‘तू’ असंच बोलणार. बदलाची हवा आधीपासून होती, पण त्यानंतर काही वर्षांतच जवळपास सगळा देश ‘तू’वर आला. उद्धटपणा म्हणून नव्हे, बरोबरी म्हणून. गंमत पुढे आहे. १९८० च्या दशकापासून तिथले काही तरुण विक्रेते गिऱ्हाइकांना आदराने ‘तुम्ही’ म्हणू लागले, आणि वयस्कर लोकांना ते खटकलं. त्यांच्या कानांना तो शब्द परकेपणाचा होता. तरुण मान देत होते आणि ज्यांना मान दिला जात होता ते दुखावत होते.

टिंबाचा किस्सा मला माझ्यापुरताच वाटला होता, पण तोही तपासलेला निघाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांना एक शब्दाची उत्तरं दाखवली होती, काही पूर्णविरामासह आणि काही त्याशिवाय. मेसेजमध्ये पूर्णविराम असलेली उत्तरं त्यांना कमी मनापासून दिलेली वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे मुलांना विरामचिन्हं कळत नाहीत असं नाही. मेसेजमध्ये ओळ संपली की वाक्य संपतं, तिथे टिंबाची गरज उरत नाही. मग तरीही ते दिलं तर त्याला काहीतरी अर्थ असणार, असं ती वाचतात. हा बारीक आणि पक्का नियम आहे. आपल्याला तो कुणी सांगितलेला नाही, इतकंच.

नवं साधन आलं की असा गोंधळ ठरलेला. टेलिफोन आला तेव्हा बोलायला सुरुवात कशी करायची हेच ठरलेलं नव्हतं. ग्रॅहम बेल यांना ‘अहॉय’ हवं होतं, एडिसन यांनी १८७७ मध्ये ‘हॅलो’ सुचवलं. आणि जुने नियम चिरंतन होते असंही नाही. इरास्मस या डच विद्वानाने १५३० साली मुलांसाठी लिहिलेल्या शिष्टाचाराच्या पुस्तिकेत नाक टोपीला किंवा कपड्याला पुसू नये असं सांगावं लागलं होतं. ज्या गोष्टी कुणीच करत नाही, त्यांच्याविरुद्ध नियम लिहिले जात नाहीत.

आता बिघडलेल्या गोष्टींकडे येते. समोर माणूस बोलत असताना फोनमध्ये डोकं घालणं मला कुठल्याही नव्या संकेताने क्षम्य वाटत नाही. या वागण्याला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘फबिंग’ असा खास शब्द घडवावा लागला. भरल्या डब्यात मोठ्या आवाजात व्हिडिओ लावणं, ठरलेली भेट ऐन वेळी एका ओळीत रद्द करणं, चेहरा न दाखवता अनोळखी माणसाला शिव्या घालणं, यांना दुसरी भाषा म्हणून सोडून देता येणार नाही. इथे दुसऱ्याला खराखुरा त्रास होतो. टिंबाने गैरसमज होतो, समजावलं की तो मिटतो. डब्यातला आवाज समजावून कमी होत नाही, तो बंदच करावा लागतो. मी दोन्हीतला फरक असा ओळखते. पण ही यादी पुन्हा वाचली की कबूल करावं लागतं की यातल्या एकाही गोष्टीचा मक्ता तरुणांकडे नाही. मोठ्या आवाजात व्हिडिओ बघणारे मला साठीतलेही तितकेच भेटतात.

आणि मुलं शिकतात कशी? १९८० मध्ये एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी दोन ते पाच वर्षांच्या २२ मुलांना, त्यांच्या आईवडिलांच्या देखत, एक भेटवस्तू दिली आणि पुढे काय होतं ते टिपलं. आपणहून ‘थँक्यू’ म्हणणारं मूल क्वचितच होतं. आईवडिलांनी “काय म्हणायचं असतं?” असं विचारलं की बहुतेक मुलं म्हणत. ती मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि रीतभातीचा उल्लेख निघाला की “आम्हाला सांगावं लागत नसे” असं म्हणणाऱ्या वयात आली आहेत. त्यांना सांगावं लागलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि कुणीतरी न कंटाळता सांगितलं होतं. विशीतल्या मुलांशी मात्र आपण बोलायचं थांबवतो आणि मनात धरून ठेवतो.

म्हणून मी त्या मुलीला सरळ सांगितलं. माझा फोन आला तर उचल, कामात असशील तर तेवढंच सांगून ठेव. बैठकीला उशीर होणार असेल तर आधी कळव, नंतर कारण नको. तिने ऐकून घेतलं. मग मी विचारलं, तुला माझं काय खटकतं? टिंबाचं आधीच बोलून झालं होतं. रात्री दहानंतर कामाचे मेसेज पाठवू नका, ही दुसरी गोष्ट तिने लगेच सांगितली. तिसरीला वेळ घेतला. “मी काही दाखवायला येते ना मॅडम, तेव्हा तुम्ही फोनकडे बघत ‘हं, बोल’ म्हणता.”

आता ती आली की मी फोन उपडा ठेवते. पहिले काही दिवस हात आपोआप तिकडे जात होता.